टंकलेखनाबद्दल आभार

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा माझ्याबद्दल भलता गैरसमज व्हायला नको. ‘जाऊ दे, देव बघून घेईल’ असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, कारण आमच्या घरात देवच नाही. बघायचं ते आपणच बघायचं. आणि मी चौदा वर्षं बघत बसले होते.

माझा विषय चीनचं राजकारण. हिंगोलीत हे सांगितलं की समोरचा आधी विचारतो, “म्हंजी मोबाइलचं?” आणि मग, “तिकडं झुरळं खात्यात म्हनं, खरं हाय का?” पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नुसती मान हलवते आणि पुढे जाते.

मी शिरड शहापूरची. आमच्या वस्तीतल्या विहाराची चिटणिशी वडिलांकडे होती, अजूनही आहे. विहाराचे चिटणीस म्हणजे काय, तर पुनव कधी आहे हे आठवण ठेवून भोंग्यावर सांगणारा माणूस. नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की बाबा लाल पेनाने बाराही पुनवांना गोल करत. आषाढी पुनवेला दोन गोल, कारण तिथून वर्षावास सुरू, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वाचन. वर्ष संपलं की ती दिनदर्शिका गुंडाळून, सुतळी बांधून पत्र्याच्या पेटीत जाई. मागच्या कोऱ्या बाजूला विहाराची पातेली कुणाच्या लग्नाला गेली ते लिहिलेलं असे, म्हणून ती टाकायची नाही. आमच्या घरी पुनव आधी आणि तारीख नंतर, हे मी चालायला लागले तेव्हापासून शिकले.

सातवीत असताना अशाच एका वर्षावासात चीनहून चालत आलेल्या भिक्खूंची गोष्ट निघाली. घरी येताना बाबा म्हणाले, “एवढ्या लांबून आले, आपल्या गावायचं, आपल्या लोकायचं समदं लिहून घेऊन गेले. आपल्यातून कुणी गेलं का त्यायचं लिहायला?”

मी म्हटलं, “मी जाते.” पोरं काहीही बोलतात. फरक एवढाच, की मी गेले.

औरंगाबादला बी. ए. केलं आणि दिल्लीला पोचले. तिथे पहिल्याच वर्षी शिकवलं की चिनी पुढारी काय बोलतो ते ऐकायचं नाही. फोटोत कोण कुणाशेजारी उभा आहे, यादीत कुणाचं नाव कितवं आहे, मागच्या वेळचा कोण गळाला, हे बघायचं. वर्गातल्या मुलांना हे फार नवलाचं वाटलं. मला वाटलं, एवढंच? आमच्याकडे लग्नाची पत्रिका आली की अर्धं गाव हेच करत बसतं. ‘प्रमुख उपस्थिती’त कोण वर चढला, थोरल्या चुलत्याला खाली काहून ढकललं, जावयाचं नाव ठळक आहे की बारीक. पत्रिकेवरून पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाला पाडणार हे सांगणारे लोक आमच्या पारावर बसलेले असत. दिल्लीने मला चिनी भाषा शिकवली. बाकीचं मी घरून घेऊन गेले होते.

माझे मार्गदर्शक पुण्याचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. चिनी त्यांना वाचता येई, तीही कासवाच्या चालीने, आणि बोलता अजिबात येत नसे. इंग्रजीवर त्यांचं सगळं भागलेलं होतं. दर भेटीत ते मला विचारत, “हिंगोली म्हणजे नक्की कुठे आलं गं?” मी सांगे. पुढच्या भेटीत पुन्हा तेच. मी मुकाट्याने पुन्हा सांगे. तेव्हा मला वाटायचं, विसरभोळे आहेत बिचारे.

शिष्यवृत्ती मिळाली आणि मी चीनमधल्या एका डोंगराळ गावात दहा महिने राहिले. मक्याची शेती आणि हाडं फोडणारी थंडी. त्या गावाने दोन वर्षांपूर्वी एक उपद्व्याप केला होता आणि त्याच्यासाठीच मी तिथे गेले होते. पक्षशाखेचा सचिव गावाच्या उरावर बसलेला होता. गावकऱ्यांनी एका संध्याकाळी खळ्यावर जमून त्याला खाली ओढलं. तीन उमेदवार, त्यात तो सचिवही, पाठमोरे बसवले, प्रत्येकाच्या मागे एक वाडगा ठेवला, आणि एकेकाने येऊन आपल्या माणसाच्या वाडग्यात मक्याचा एक दाणा टाकला. चांदणं एवढं टिपूर होतं, म्हणे, की दाणे मोजायला दिवा लागला नाही. सचिवाच्या वाडग्यात त्याच्या घरच्यांचेच दाणे पडले, तेही सगळ्यांचे नाहीत.

हे मला सांगितलं एका म्हातारीने, जिच्या घरी मी राहत होते. सचिवाने तिची अक्रोडाची चार झाडं हडप करून भावाला दिली होती. मी तिला विचारलं, “एवढी वर्षं गप्प कशा राहिलात?” तिकडे भेटलं की ‘जेवलास का’ असं विचारायची रीत आहे. ती म्हणाली, “अकरा वर्षं मी त्याला रोज विचारत आले, जेवलास का. मग वरून कागद आला की गावाने आपले लोक आपण निवडावेत. कागद आला, तेव्हा आम्ही उठलो. कागदाआधी उठायला आम्ही काय खुळे?” आणि मग तिने तिकडची म्हण सांगितली, शहाणा माणूस सूड दहा वर्षांनी घेतो, तरी उशीर होत नाही. मी हसले. त्या वेळी ती म्हण मला नुसती टिपून घ्यायची गोष्ट वाटली होती.

माझ्या वह्या मी मराठीत लिहीत असे. एक तर भरभर लिहून होई, आणि दुसरं, तिथे कुणी वही चाळली असती तरी कुणाला ओ की ठो कळलं नसतं. म्हातारीने तो दिवस सांगितला, ‘सहाव्या महिन्याची पंधरा’. मी लिहिलं, ‘सहावा महिना, १५’, आणि शेजारी बाबांच्या सवयीने लाल पेनाने दोन गोल काढले. त्या गावात महिने चंद्रावर मोजत, आपल्याकडे मोजतात तसेच. त्यांचं वर्ष आपल्या माघाच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे सहावा महिना म्हणजे आपला आषाढ आणि त्याची पंधरा म्हणजे आषाढी पुनव. हे वहीत फोडून लिहायचं मला सुचलंच नाही. आषाढी पुनव कुणी समजावून लिहितं का?

परत आल्यावर सर म्हणाले, “त्या वह्या दोन दिवस वाचायला दे.” दोन दिवसांचे तेरा महिने झाले. मी मागायला गेले की म्हणायचे, “तुझं अक्षर फार किचकट आहे गं.” मधल्या काळात ते एका शिष्टमंडळाबरोबर त्या गावात दोन दिवस जाऊन आले आणि खळ्यावर उभं राहून फोटो काढून आले. मग वह्या परत मिळाल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं पुस्तक आलं, मुखपृष्ठावर तो फोटो घेऊन.

म्हातारी होती, अक्रोड होते, वाडगे होते, चांदणं होतं, ‘जेवलास का’ होतं. मीच तेवढी नव्हते. नाही म्हणायला शेवटच्या पानावर होते. ‘मराठवाड्यातील एका विद्यार्थिनीचे, टंकलेखनाबद्दल आभार.’ मला तेव्हा टाइप करता येत नव्हतं. माझा स्वतःचा प्रबंध मी बाहेरून टाइप करून घेत होते.

ते पान वाचून मी वसतिगृहाच्या खोलीत बसून रडले, हे खरं आहे. पण त्याच दुपारी मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि मधल्या एका पानावर थबकले. सरांनी लिहिलं होतं, ‘१५ जूनच्या त्या संध्याकाळी, टिपूर चांदण्यात...’ सहावा महिना म्हणजे जून! माणूस एवढा चीनचा पंडित, पण महिना मोजला तो ऑफिसच्या भिंतीवरचा. आणि त्याच्यावर त्यांनी अख्ख्या पुस्तकाची इमारत उभी केली होती. वरचा कागद गावाला पोचला जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मग गावाने जूनमध्येच सचिवाला पाडलं म्हणजे काय? म्हणजे लोक कागदाची वाट न बघता पेटून उठले, आणि पक्षाने मागाहून मान तुकवली! केवढा शोध! याच शोधावर पुस्तक गाजलं. खरं तर ती पुनव आली होती जुलैच्या शेवटी. कागद आधी, गाव नंतर. म्हातारी तेच सांगत होती, पण ते वहीच्या दुसऱ्या पानावर होतं आणि तेवढं वाचायची सरांना गरज वाटली नसावी.

मला हसू आलं. चोराने घर साफ केलं होतं आणि घरातला विंचूही गाठोड्यात बांधून नेला होता. कारण ही चूक कुणाच्या हातून होऊ शकते? जो त्या गावात बसून म्हातारीशी बोलला, त्याच्या हातून नाही. फक्त जो माझी वही वाचून बोलला त्याच्या हातून.

त्याच दिवशी जाऊन सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तारीख गुपचूप बदलली असती, प्रस्तावनेत चार ओळी वाढवल्या असत्या आणि वर शहाणे ठरले असते. मी गप्प बसायचं ठरवलं, माझ्या प्रबंधातही नुसतं ‘सहावा महिना’ एवढंच ठेवलं. चढू दे म्हटलं. जेवढा उंच चढेल तेवढा वरून पडेल.

पुढच्या वर्षी दिल्लीतल्या एका जागेसाठी माझी मुलाखत झाली. समितीतल्या एका बाईंनी माझा प्रबंध उघडला आणि विचारलं, “तुमचं बरंचसं काम तुमच्या मार्गदर्शकांच्या पुस्तकावरून घेतलेलं दिसतं, नाही?” सर त्याच टेबलाला बसलेले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पाणी पीत होते. अख्खा ग्लास त्यांनी सावकाश संपवला आणि म्हणाले, “मुलगी मेहनती आहे.” बस्स. माझ्या घामाने लिहिलेली पानं माझ्याच तोंडावर चोरी म्हणून मारली, आणि वर मेहनती म्हटलं. त्यांनी मला आळशी म्हटलं असतं तर एक वेळ मी माफ केलं असतं.

जागा गेली. मी हिंगोलीला परत आले आणि इथल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले. चीन आता एका पेपरातल्या एका प्रकरणापुरता उरला. आणि गंमत बघा, त्या प्रकरणासाठी संदर्भग्रंथ म्हणून लावलेलं होतं सरांचंच पुस्तक, मराठी भाषांतर. दरवर्षी प्रश्न ठरलेला: या गावाच्या निवडणुकीचं महत्त्व सांगा. दरवर्षी मी फळ्यासमोर उभी राहून लिहून देई, ‘१५ जून, पक्षाच्या आदेशाच्या आधी, उत्स्फूर्त’. मुलं लिहून घेत आणि पास होत. मी मनात म्हणे, अजून एक बॅच. जितकी पोरं हे घोकतील तितकी सरांची पडझड मोठी.

एकदाच एका मुलीने हात वर केला. कनेरगाव नाक्याच्या पुढे तिचा तांडा. घरातली कॉलेजला आलेली पहिलीच, आणि हुशार. मला येऊन विचारलेलं होतं तिने, “मॅडम, चिनी भाषा शिकाची आसल तं कुठं जावं लागते?” तर त्या दिवशी ती उभी राहून म्हणाली, “मॅडम, ह्ये बराबर वाटत न्हाई. माहा धाकटा भाऊ त्याच सालचा, पंधरा जूनचा. आवसेला झाला म्हून घरी त्याला लई बोलत्यात. मंग त्या दिवशी तिकडं चांदनं कसं पडलं?”

मी एवढी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट एका एकोणीस वर्षांच्या पोरीने बसल्या जागी धरली होती. हे वर्गात फुटलं असतं, कुणी कुठे लिहिलं असतं, सरांच्या कानावर गेलं असतं, तर माझ्या हातात काय राहणार होतं? मी आवाज चढवला. “तिकडचं चांदणं तुझ्या तांड्याला विचारून पडतं का? पुस्तकात आहे तेवढं लिही. बस खाली.”

वर्ग हसला. ती बसली. मी फळा पुसला आणि पुढचं प्रकरण सुरू केलं.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, त्यांना मानसन्मान मिळाले, पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या. मला विभागप्रमुखपद मिळालं. मग आमच्या कॉलेजला राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायची परवानगी मिळाली आणि प्राचार्य मला म्हणाले, “तुमच्या ओळखीचं कोणी मोठं नाव आहे का बीजभाषणासाठी?” कागद आला होता. मी म्हटलं, “आहे ना.”

सरांना फोन केला. अगदी मऊ आवाजात बोलले. “अगं, तू! येईन की. हिंगोली म्हणजे नक्की...” मी पुन्हा एकदा सांगितलं.

निमंत्रणपत्रिका मी स्वतः केली. सरांचं नाव सगळ्यात वर, ठळक. माझं सगळ्यात खाली, बारीक: ‘आभार’. प्राचार्यांना वाईट वाटलं. “मॅडम, तुम्ही प्रास्ताविक करा, आभार कुणीही मानेल.” मी म्हटलं, मला आभारच मानायचे आहेत. आपल्याकडे आभार कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं. माइकवर ‘मी ऋणी आहे’ सुरू झालं की लोक चपला शोधतात आणि चहाकडे पळतात. म्हणून चहावाल्याला मी अर्धा तास उशिरा यायला सांगितलं. चर्चासत्राला प्रत्येकाला एक फाइल देतात, पॅड आणि पेन घालून. त्या दीडशे फायलींमध्ये मी तीन झेरॉक्स घातले: वहीतलं ते पान, वरून आलेल्या आदेशाची प्रत, आणि सरांच्या पुस्तकातलं आभाराचं पान. ते एका पाकिटात बंद करून वर लिहिलं, ‘आभाराच्या वेळी उघडावे’. लोकांना वाटलं जेवणाचं कूपन असेल.

बाबा शिरडहून सकाळच्या एसटीने आले. पांढरे कपडे, आणि काखेत सुतळी बांधलेली दिनदर्शिका. पहिल्या रांगेत बसले.

सर बोलले, छान बोलले. तासभर बोलले. १५ जूनची संध्याकाळ त्यांनी अशी रंगवली की मलाच पुन्हा ते खळं दिसलं. “त्या म्हातारीने माझा हात हातात घेतला,” ते म्हणाले. तिने हातात घेतला होता तो माझा हात. तेवढं ऐकलं आणि माझ्या मनात उरलीसुरली दयामाया होती तीही गेली.

शाल, श्रीफळ, टाळ्या. मग मी उठले.

आधी रीतीने सगळ्यांचे आभार मानले, प्राचार्यांपासून मंडपवाल्यापर्यंत. मग म्हटलं, “आता सरांचे. सरांनी आपल्या पुस्तकात माझे आभार मानले आहेत, टंकलेखनाबद्दल. मला टाइप येत नव्हतं. तेव्हा मी नक्की काय केलं होतं, ते कृपया पाकीट उघडून बघावं.”

दीडशे पाकिटं एकदम फाटल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. फार गोड होता.

मी पान समजावून सांगितलं. सहावा महिना, पंधरा, लाल गोल. मग बाबांकडे बघितलं. ते उभे राहिले, दिनदर्शिका उलगडली. माइक त्यांनी घेतला नाही, भोंग्यावर बोलून त्यांचा आवाज तसाच झालेला आहे. “पंधरा जून. त्या सालची. आवस. काळा टिकला छापेल हाय, समद्यायनं येऊन बघा. चांदनं पडलं ते आषाढी पुनवेचं, जुलै सरता सरता. माहे दोन गोल हायत त्याच्यावर.”

सर उठले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. माइककडे हात करून म्हणाले, “हे व्यासपीठ त्यासाठी नाही.”

मी म्हटलं, “बरोबर आहे सर. त्यासाठी मुलाखतीचं टेबल होतं. तेव्हा तुम्ही पाणी पीत होता.”

ते खाली बसले. समोर पाण्याची बाटली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. मागच्या रांगेतले प्राध्यापक फोनवर पंचांग काढून बघत होते. मी “सरांचे मनःपूर्वक आभार” म्हटलं आणि खाली उतरले. खरं सांगते, मला जे वाटलं ते पुरणपोळीवर तूप पडल्यासारखं वाटलं. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, आजही नाही. सर चहा न घेता गाडीत बसून गेले, त्यांची शाल खुर्चीवरच राहिली.

मंडप रिकामा होत होता, तेव्हा ती आली. मी आधी ओळखलं नाही. तीस एक वर्षांची, खांद्याला पर्स, हातात ती फाइल. कनेरगाव नाक्याकडची. आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, चर्चासत्राची जाहिरात बघून रजा टाकून आलेली. मला वाटलं अभिनंदन करायला आली. मी हसले.

ती म्हणाली, “मॅडम, तुमाला ठाऊक व्हतं.”

मी टेबलावरची फाटकी पाकिटं गोळा करायला लागले.

“म्या ईचारलं तवा बी ठाऊक व्हतं. मला वाटलं, मीच येडी. समदा वर्ग हासला. मंग म्या म्हनलं, आपल्याला ह्यातलं काई कळत न्हाई, कशाला दिल्ली न् चिनी. डी. एड. करून घेतलं.” तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. रागाशी मला वागता येतं. “भावाला मात्र म्या घरी जाऊन सांगितलं व्हतं, तू आवसेचा न्हाईस, पुस्तकात चांदनं लिवलंय. लई खूश झाला व्हता.”

तिने फाइल टेबलावर ठेवली आणि गेली.

बाबा शेजारी उभे राहून दिनदर्शिकेला सुतळी बांधत होते. डेपोपर्यंत आम्ही चालत गेलो. शिरडची गाडी लागायला वेळ होता. बाबा बाकावर बसले आणि म्हणाले, “त्याची खोड मोडली, चांगलं केलं बाई. पर त्या लेकरानं काय केलं व्हतं तुहं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“मंग?”

गाडी लागली. ते चढले, खिडकीतून हात केला. मी घरी आले.

त्या रात्रीच नाही, पुढेही कितीतरी दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. सरांनी माझी वही नेली, तेरा महिन्यांनी का होईना, परत दिली. मी त्या मुलीचं नेलं ते परत देण्यासारखं नाही.

आता माझा लेख येतोय, दिल्लीच्या एका नियतकालिकात. तारखेची चूक, कागद आधी की गाव आधी, सगळं पुराव्यानिशी. पहिल्यांदाच माझं काम माझ्या नावावर. गेल्या आठवड्यात संपादकांनी कळवलं, शेवटी आभाराच्या दोन ओळी लिहून पाठवा. मी बसले आणि लिहिलं, ‘मराठवाड्यातील एका विद्यार्थिनीचे’, आणि पेन थांबलं. ओळ ओळखीची होती. शब्द न् शब्द त्यांचाच होता.

खोडलं. मग तिचं पूर्ण नाव, गाव, तांडा लिहिला, आणि पुढे लिहिलं: ‘ही चूक पहिल्यांदा हिने वर्गात दाखवून दिली. मला ती आधीच ठाऊक होती. मी हिला गप्प बसवलं.’ संपादकांना पाठवण्याआधी ते पान मी तिला फोनवर पाठवलं, चालेल का म्हणून विचारलं.

निळ्या खुणा त्याच दिवशी आल्या. उत्तर अजून आलेलं नाही. लेख मी थांबवून ठेवलाय.